जाहीरनाम्याचा कर्ता कोण?

१

दलित साहित्याच्या समीक्षेने गेल्या पन्नास-साठ वर्षांत कविता वाचली, कथा वाचली, आत्मकथने वाचली. त्यांतील नकार आणि विद्रोह यांची मांडणी केली, प्रस्थापित सौंदर्यशास्त्राला अडचणीचे प्रश्न विचारले. परंतु मराठीतला एक गद्यप्रकार असा आहे की जो दर निवडणुकीला आपल्या वस्तीत फुकट येतो. तो दाराच्या फटीतून आत पडतो, पोरे त्याची होडी करतात, आणि ज्यांच्या घरात दुसरे एकही मराठी पुस्तक नसते त्यांच्या घरातही तो पोचतो. त्याची समीक्षा मात्र माझ्या वाचनात आलेली नाही. तो गद्यप्रकार म्हणजे निवडणुकीचे पत्रक.

पत्रक हे काही साहित्य नव्हे, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे की, साहित्य कशाला म्हणावे हा प्रश्न प्रस्थापितांनी ठरवून टाकला होता, तेव्हा तो आपणच पुन्हा उघडला. जी भाषा माणसाला घर देण्याचे वचन देते आणि जिच्यावर विश्वास ठेवून माणूस रांगेत उभा राहतो, तिची चिकित्सा न करता केवळ कवितेतल्या प्रतिमांची चिकित्सा करीत बसणे ही चैन आहे.

मीरा-भाईंदर महानगरपालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. आधीच्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२२ मध्येच संपली होती. मधली तीन वर्षांहून अधिक काळ या शहराला नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. इतक्या काळानंतर लोकांशी बोलायची वेळ आली, तेव्हा उमेदवार काय बोलले? त्या महिनाभरात मिळाली तेवढी पत्रके मी जमवली. मराठी, हिंदी, काही गुजराती, काही उर्दू. घरांबद्दल, शहराच्या वाढीबद्दल आणि लोकांशी ठेवायच्या संवादाबद्दल त्यांत काय लिहिले आहे, हे या लेखात पाहायचे आहे.

एक कबुली आधीच दिली पाहिजे. त्या पत्रकांपैकी एक मी लिहिलेले आहे. माझ्या माहितीतला एक आंबेडकरी कार्यकर्ता उभा होता. तो म्हणाला, "सर, तुम्ही मराठी शिकवता, पत्रक तुम्हीच लिहा." मी लिहिले. तेव्हा ही समीक्षा दुसऱ्यांच्या पत्रकांची आहे तशीच माझ्याही पत्रकाची आहे.

२

शहर कोणते आहे हे आधी सांगतो, कारण बाहेरच्या वाचकाला मीरा-भाईंदर म्हणजे पश्चिम रेल्वेवरची दहिसरनंतरची दोन स्थानके एवढेच ठाऊक असते. खाडी, मिठागरे, भातशेती. राई, मुर्धा, मोरवा, नवघर, गोडदेव, उत्तन ही आगरी-कोळ्यांची आणि ख्रिस्ती कोळ्यांची गावे. काशीमिऱ्याच्या डोंगरकडेला वारल्यांचे पाडे. १९८५ साली इथे नगरपालिका आली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाख होती, २००१ साली ती पाच लाख वीस हजार झाली, २०११ साली आठ लाख नऊ हजार. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट होणारे गाव हे गाव राहत नाही. मुंबईला ज्यांची गरज आहे पण ज्यांना द्यायला जागा नाही, त्यांचे ते गोदाम होते. गिरणगावातून आणि चाळींतून सुटलेले मराठी कुटुंब इथे आले. १९९२-९३ च्या दंगलीनंतर घाबरलेली मुस्लिम कुटुंबे मीरा रोडला आली. गुजराती-मारवाडी व्यापारी आले, उत्तर प्रदेशचा रिक्षावाला आला. आणि मराठवाड्यातून इमारती बांधणारे आले.

त्या शेवटच्यांत माझी आई आणि वडील होते. वडील जालन्याकडचे, भूमिहीन. मीरा रोडला इमारती उठत होत्या त्या काळात वडील नाक्यावर उभे राहत आणि आई बिगारी म्हणून घमेली वाही. स्लॅब पडायचा त्या दिवशी रात्री उशीर व्हायचा. मुकादम त्या दिवशी वडापाव द्यायचा, म्हणून स्लॅबचा दिवस आम्हा पोरांना सणासारखा वाटायचा. इमारत पुरी झाली की आमची झोपडी उठायची आणि पुढच्या खड्ड्याकाठी जायची. ज्या मजल्यावर आम्ही पावसाळ्यात झोपलो, तिथे नंतर कोणाची तरी देवघराची खोली झाली. मी घरातला पहिला पदवीधर. आज मी त्याच शहरात भाड्याने राहतो आणि कॉलेजात शिकवतो.

हे सहानुभूतीसाठी सांगत नाही. शहराच्या वाढीला पत्रकांत 'विकास' हा एकच शब्द आहे. तो शब्द वाचताना मला वाढीची दुसरी बाजू आठवते, आणि ही आठवण चिकित्सेचे साधन म्हणून वापरण्याचा हक्क मला आहे, असे मी मानतो.

३

आता संहितेकडे वळू. पहिली गोष्ट नावाची. पूर्वी 'जाहीरनामा' हे एकच नाव होते. आता 'वचननामा' आहे, 'संकल्पपत्र' आहे. नावे बदलतात ती उगाच नव्हे. जाहीरनामा म्हणजे सर्वांसमक्ष केलेली घोषणा. तिला साक्षीदार असतात. संकल्प हा शब्द पूजेतला आहे. यजमान पाटावर बसतो, भटजी सांगतील तसे म्हणतो आणि उजव्या हातावरून पाणी सोडतो. ते पाणी ताम्हनात पडते. तहानलेल्या माणसाचा त्या पाण्याशी काही संबंध नसतो.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. व्याकरण शिकवणाऱ्या मास्तराची ही खोड समजा, पण मी पत्रकांतली क्रियापदे लाल शाईने अधोरेखित करीत गेलो. रस्त्यांचे काँक्रीटीकरण करण्यात येईल. झोपडपट्टीवासीयांचे पुनर्वसन करण्यात येईल. प्रयत्न केले जातील. पाठपुरावा करण्यात येईल. पानेच्या पाने अशी. या वाक्यांना कर्म आहे, क्रियापद आहे, कर्ता नाही. पुनर्वसन कोण करणार, कोणत्या सालापर्यंत, कोणत्या जागेवर, किती चौरस फुटांचे, आणि तोवर माणसांनी राहायचे कोठे? कर्ता नसलेल्या वाक्याला कोणी जाब विचारू शकत नाही. ही शैली कचेरीतून आली आहे. लोकांचा प्रतिनिधी होऊ पाहणारा माणूस निवडून येण्यापूर्वीच कचेरीच्या भाषेत बोलू लागतो, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे.

हा केवळ शैलीचा दोष असता तर मी त्यावर लेख लिहिला नसता. कर्ता नसण्याची किंमत माणसे मोजतात. काशीमिऱ्याच्या जनतानगर आणि काशीचर्च या वस्त्यांसाठी २००९ च्या सुमारास केंद्राच्या बीएसयूपी योजनेखाली पक्की घरे मंजूर झाली. चार हजारांवर कुटुंबांची ती योजना. ती वर्षानुवर्षे रखडली. कित्येक कुटुंबे झोपडी मोडून देऊन संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत गेली आणि तिथेच त्यांची पोरे शाळा संपवून कामाला लागली. या काळात २०१२ ची निवडणूक झाली, २०१७ ची झाली. 'पुनर्वसन करण्यात येईल' हे वाक्य दर वेळी तेच राहिले, कारण त्यात बदलण्यासारखा एकही शब्द नव्हता.

तिसरी गोष्ट विशेषणांची. घराच्या प्रश्नात माणसाला दोन विशेषणे लागतात: पात्र आणि अपात्र. १९९५, २०००, २०११ अशा तारखा बदलत आल्या. कोणत्या तारखेच्या आधीचा पुरावा कोणाकडे आहे यावर माणूस पात्र की अपात्र ते परिशिष्टात ठरते. कायद्याला तारीख लागते, हे मला कळते. पण हे शब्द कानाला अनोळखी नाहीत. दान कोणाला द्यावे, विद्या कोणाला द्यावी, याची चर्चा करताना शास्त्रांनी हेच दोन शब्द वापरले होते. ज्यांच्या दहा पिढ्या अपात्र ठरल्या, त्यांच्या हातात नगरपालिकेचा कागद पुन्हा तोच शब्द ठेवतो, आणि आपले उमेदवार 'सर्व पात्र झोपडीधारकांना घरे' अशी ओळ जाड ठशात छापतात. अपात्रांचे काय, असे विचारणारी ओळ मला एकाही पत्रकात मिळाली नाही. माझ्या पत्रकातही नव्हती.

चौथी गोष्ट पाण्याची. सर्व पत्रकांत मुबलक पाणी आहे. हे पाणी सूर्या प्रादेशिक योजनेचे. ४०३ दशलक्ष लिटरची योजना, त्यातला २१८ दशलक्ष लिटर वाटा मीरा-भाईंदरचा, उरलेला वसई-विरारचा. सूर्या नदी पालघर जिल्ह्यातली. तिच्यावरचे धामणी धरण मुळात सिंचनासाठी बांधलेले. शेतीचे पाणी शहरांकडे वळवण्याला तिथल्या आदिवासींनी विरोध केला होता. आमच्या वस्तीला पाणी हवे आहे, त्यात दुमत नाही. पण ज्या शहराच्या पत्रकात 'पाणी' हा शब्द येतो, त्यात ते पाणी ज्याच्या शेतातून आले त्या वारल्याचे, कातकऱ्याचे नाव कोठेही येत नाही. महाडचा वारसा सांगणाऱ्याला तरी हे खटकले पाहिजे.

४

घराच्या प्रश्नात आणखी एक जागा आहे, जिथे सगळीच पत्रके मौन पाळतात. ती म्हणजे गृहनिर्माण सोसायटी.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आपण क्रांतिकारक कथा म्हणून शिकवतो. १९६३ साली त्याच नावाचा संग्रह आला. ती कथा मुळात कशाबद्दल आहे, हे विद्यार्थ्यांना विचारा. ते म्हणतील, जातीबद्दल. बरोबर आहे, पण ती राहण्याच्या जागेबद्दलही आहे. रेल्वेत नोकरी लागलेला एक तरुण परगावी जातो आणि डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात सांगत नाही. जात उघड होते तेव्हा त्याला मार बसतो. नोकरी राज्यघटनेने मिळवून दिली. खोली देणारा मात्र राज्यघटना मानत नव्हता. आपल्या समीक्षेने या कथेतली अस्मिता पाहिली, खोली पाहिली नाही.

खोलीचा प्रश्न आजही तिथेच आहे. मी मीरा रोडला भाड्याची जागा पाहत होतो तेव्हा एजंटाने आडनाव विचारले. सांगितले. मग त्याने मांसाहार करता का, असे विचारले. मग गाव विचारले. तीन प्रश्नांत त्याला हवे ते कळले आणि जागा 'कालच गेली' असे मला कळले. बागुलांच्या नायकाइतका मार मला पडला नाही. एवढाच फरक.

८ जुलै २०२५ रोजी मीरा रोडला मराठी भाषेसाठी मोठा मोर्चा निघाला. मराठी बोलण्यावरून झालेल्या वादाचा तो पुढचा अंक होता. 'मराठी माणसाला घर नाकारतात' ही तक्रार या शहरात वर्षानुवर्षे ऐकू येते, आणि ती खोटी नाही. म्हणूनच माझा प्रश्न त्या तक्रारीच्या बाजूने आहे, तिच्या विरुद्ध नाही. मराठी म्हणून घर नाकारले तर तो अपमान, आणि बौद्ध, मातंग किंवा मुसलमान म्हणून नाकारले तर तो व्यवहार, हे कसे? नाकारणाऱ्याची भाषा गुजराती असली म्हणजे अन्याय आणि मराठी असली म्हणजे रीत, असा निकष मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी लावू नये. मराठी भाषा शिकवून पोट भरणारा माणूस म्हणून हे मी बोलतो.

कायदाही इथे सरळ नाही. २००५ साली झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, विशिष्ट समाजापुरते सभासदत्व ठेवणारी सहकारी गृहनिर्माण संस्था असू शकते, असा निर्णय दिला. महानगरपालिकेच्या हाती या बाबतीत थोडेच आहे, हे मान्य. पण जो उमेदवार सोसायटीच्या आवारात लाद्या बसवून देण्याचे वचन देतो, तो त्याच आवारात उभा राहून भेदभावाविरुद्ध एक वाक्य तरी बोलू शकतो. ते वाक्य कोणी बोलत नाही, कारण फाटकाच्या आत सलग मते आहेत.

५

इथे आपल्या स्वतःच्या पत्रकांकडे यावे लागते. राखीव जागेवर उभे असलेल्या आपल्या उमेदवारांची पत्रके मी मुद्दाम वेगळी काढून वाचली. वरच्या कोपऱ्यात बाबासाहेब, फुले, शाहू. मध्ये पक्षाचा नेता. खाली चार उमेदवार, हात जोडलेले. मजकूर इतरांसारखाच, चित्रे काढून घेतली तर पत्रक कोणाचे ते ओळखू येऊ नये.

याला कारण आहे, आणि ते केवळ उमेदवाराच्या भित्रेपणात शोधू नये. या शहरात ९५ नगरसेवक आणि २४ प्रभाग. एक सोडून सगळे प्रभाग चार सदस्यांचे. मतदाराला चार मते द्यायची, हजारो मतदारांच्या प्रभागात. अनुसूचित जातींच्या राखीव जागा एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. त्याही २०११ च्या जनगणनेच्या आधारावर, म्हणजे त्यानंतर आलेला बिगारी अजून मोजलेलाच नाही. राखीव जागेवरचा उमेदवार निवडून येतो तो इमारतींच्या मतांवर आणि पॅनेलच्या जोरावर. १९३२ च्या पुणे करारानंतर संयुक्त मतदारसंघाचा जो धोका बाबासाहेबांनी पुन्हा पुन्हा सांगितला, आणि ज्याच्यावर कांशीरामांनी १९८२ साली 'चमचा युग' लिहिले, तो धोका दिल्लीपुरता नाही. तो प्रभागाच्या नकाशात आहे. आपला माणूस सभागृहात जातो, पण ज्यांच्या नावाने ती जागा राखीव असते त्यांना तो उत्तर देणे लागत नाही.

माझ्या मित्र-उमेदवाराचे म्हणणे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. तो म्हणाला, "सर, वस्तीची मतं आपलीच आहेत. पत्रक बिल्डिंगसाठी काढायचं असतं." व्यवहार म्हणून त्याचे चुकले असे मला त्या वेळी वाटले नाही. मी त्याप्रमाणे लिहिले: सुजाण मतदार बंधू-भगिनींनो, सर्वांगीण विकास, स्वच्छ प्रशासन, सर्वांना हक्काचे घर. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

प्रचाराच्या दिवसांत एका संध्याकाळी आम्ही वस्तीत बसलो होतो. एका मुलीने पत्रक मोठ्याने वाचून दाखवले. बायका ऐकत होत्या. वाचून झाल्यावर एक म्हातारी, जिला मी आत्या म्हणतो, जी माझ्या आईबरोबर कामावर होती, म्हणाली, "मास्तर, लय ग्वाड लिवलंय. पर ह्यात आमी कुटं हाव?"

मी म्हणालो, "आत्या, हे काय, सर्वांना हक्काचं घर. सर्वांत तुम्ही आलाच की."

ती म्हणाली, "सर्वांत आमी कदी आलो व्हतो?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजवर वाचलेल्या समीक्षेच्या पुस्तकांत इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

६

पत्रके अशीच असतात, दुसरे काय असणार, असे म्हणून हा विषय संपवता येईल. पण आपल्या परंपरेत नगरपालिकेशी बोलण्याची दुसरी रीत होऊन गेली आहे.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, सरकारनियुक्त. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून नगरपालिकेने शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये खर्चायचे ठरवले, तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटे होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, एवढे त्यांचे म्हणणे. शहरात मोठी मंडई बांधण्याच्या खर्चालाही त्यांनी विरोध केला. शहराची वाढ म्हणजे काय आणि ती कोणासाठी, हा प्रश्न सभागृहात विचारणारा तो सभासद होता. पुढे ती मंडई झाली, तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले, आणि कालांतराने नाव बदलून महात्मा फुले मंडई झाले. ज्या बांधकामाला त्यांनी विरोध केला त्याच्यावर आज त्यांची पाटी आहे. सभासदाचे म्हणणे बाजूला ठेवून त्याचे नाव तेवढे घेण्याची ही कला आपल्या पत्रकांच्या वरच्या कोपऱ्यात दिसते.

दुसरे उदाहरण महाडचे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. १९२४ साली सुरबानाना टिपणीस अध्यक्ष असताना महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागद झाला होता. तीन वर्षे कोणी पाण्याला हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी माणसे चालत गेली आणि पाणी प्याली, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. महाडकडे आपण सत्याग्रहाचा इतिहास म्हणून पाहतो. तो नगरपालिकेच्या एका कागदाचाही इतिहास आहे. सभागृहातला ठराव आणि तळ्यातले पाणी यांच्या मधले अंतर ज्याने स्वतः चालून पाहिले नाही, त्याने 'करण्यात येईल' असे लिहू नये.

तिसरे उदाहरण जाहीरनाम्याचेच. बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, जाहीरनामा प्रसिद्ध केला, १९३७ ची निवडणूक लढवली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक स्वतः मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणचे शेतकरी मोर्चाने मुंबईच्या विधिमंडळावर आले. कुळांत महार होते तसे कुणबी, आगरीही होते. विधेयक मंजूर झाले नाही, हे खरे. पण तिथे वाक्याला कर्ता होता, तारीख होती, आणि वचन देणारा व ज्याला वचन दिले तो, दोघे एकाच रस्त्यावर चालत होते.

आणि संवाद म्हणाल, तर तो आपल्याकडे जलशाने केला. भीमराव कर्डकांसारखे शाहीर गावोगाव जाऊन लोकांच्या बोलीत, लोकांच्या चालीवर राजकारण समजावीत. ऐकणारा मध्येच बोलू शकत असे, हसू शकत असे, उठून जाऊ शकत असे. आजच्या पत्रकात 'संवाद' हा शब्द आहे, 'आपल्या दारी' हा शब्द आहे. पण ऐकणाऱ्याला बोलायची जागा नाही. मोबाइलवरच्या प्रभागाच्या गटातही फोटो येतात, उद्घाटने येतात, आणि कोणी नळाबद्दल लिहिले की त्याला हात जोडल्याचे चिन्ह मिळते.

कायद्याने ही जागा ठेवलेलीच नाही, असेही नाही. १९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या सांगितल्या. महाराष्ट्राने २००९ साली पालिका कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली: गावात ग्रामसभा, तशी शहरात मतदारांची सभा. ती कागदावर राहिली. २०२२ साली या शहराचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला आणि हरकती मागवल्या गेल्या, तेव्हा निवडून आलेले सभागृहच नव्हते; नकाशातला कोणता रंग आपल्या झोपडीवर आला आहे हे वस्तीत बसून कोणी समजावले नाही. मी जमवलेल्या एकाही पत्रकात क्षेत्रसभा हा शब्द नाही. 'जनतेशी थेट संवाद' मात्र सर्वत्र आहे.

७

आत्याच्या प्रश्नानंतर त्या रात्री आम्ही उठलो नाही. मी वही काढली आणि म्हणालो, तुम्ही सांगा, मी लिहितो. दोन तास बायका सांगत होत्या. त्यांतली काही वाक्ये अशी:

"पहाटं चारला नळ येतो, अर्ध्या तासात जातो. त्यो सहाला सोडायला सांगणार का, ते सांगा."

"माझ्या सासऱ्याच्या नावाची पावती हाय, माझ्या नावाची न्हाय. नवरा मेल्यावर मी पात्र का अपात्र?"

"भाडं किती म्हयने भेटंल आन् बंद पडलं तर कुणाच्या दारात जायाचं, त्याचं नाव लिवा."

"संडासचा दिवा."

या वाक्यांत कर्ता आहे, वेळ आहे, नाव मागितले आहे. शेवटच्यात तर क्रियापदही नाही, आणि तरी ते मी जमवलेल्या सगळ्या जाहीरनाम्यांतले सर्वांत स्पष्ट वाक्य आहे. रात्री मुलींना अंधारात जावे लागते, हे त्या दोन शब्दांत आले आहे. दलित साहित्याची भाषा बोलीतून आली, अनुभवातून आली, असे आपण वर्गात सांगतो. मग निवडणुकीच्या वेळी आपण ती भाषा दाराबाहेर का ठेवतो? मी स्वतः का ठेवली? कारण शिकल्यावर मला प्रमाण मराठी आली आणि तिच्यात लिहिले की मी शिकलेला दिसतो. सर्वांना खूश ठेवणारी ती भाषा मला सुरक्षित वाटली. पहिल्या पिढीच्या पदवीधराला लागणारा हा रोग आहे. तो मला झाला होता, हे नोंदवून ठेवतो.

वहीतला मजकूर छापायला वेळ उरला नव्हता. पैसेही नव्हते. जुनेच पत्रक वाटले गेले. उमेदवार पडला. वहीतला मजकूर छापला असता तर तो निवडून आला असता, असा दावा मी करणार नाही. कदाचित आणखी मते गेली असती. पण पडलेल्या उमेदवाराच्या मागे काय उरते, हा प्रश्न आहे. गुळगुळीत पत्रकामागे रद्दी उरते. त्या वहीमागे पाच वर्षे विचारता येतील असे प्रश्न उरले असते, आणि ते निवडून आलेल्या कोणालाही विचारता आले असते.

म्हणून कार्यकर्त्यांना, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपापल्या गावातली, शहरातली पत्रके जमवा आणि ती वर्गात कवितेइतक्याच गांभीर्याने वाचा. प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण, हे विचारा. 'सर्व' या शब्दात कोण येते आणि कोण येत नाही, हे पाहा. आणि पुढच्या वेळी आपला माणूस उभा राहील तेव्हा पत्रक लिहायला मास्तराकडे जाऊ नका. आधी वस्तीत बसा. मास्तराला वही घेऊन मागे बसू द्या.

ती वही माझ्याकडे आहे. क्षेत्रसभा भरवा, अशी मागणी करणारा अर्ज आता आम्ही लिहीत आहोत. पहिले वाक्य काय असावे, असे मी विचारले. आत्या म्हणाली, "आमी मागतो, असं लिवा."